परस्परशिक्षण (आरोग्यसेवा)

आरोग्यसेवेतील परस्परशिक्षण म्हणजे समान किंवा जवळपास समान जबाबदारी सांभाळणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका, आशा स्वयंसेविका आदी व्यक्तींनी आपापल्या रुग्णांचे अनुभव एकमेकांपुढे मांडून, त्यांची चिकित्सा करून ज्ञान व कौशल्य वाढविण्याची पद्धत होय. क्षय, कुष्ठरोग, मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या दीर्घकाळ उपचार घ्यावे लागणाऱ्या आजारांत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील मांडवा प्रकल्प आणि अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड प्रकल्प ही या विषयाच्या अभ्यासातील महत्त्वाची उदाहरणे आहेत. दोन्ही १९७०च्या दशकात आकारास आली. जामखेडचे काम पुढे चालू राहिले. मांडव्याचे काम सुमारे दशकभरात थांबले.

संकल्पना

पारंपरिक वैद्यकीय शिक्षणात ज्ञान वरून खाली येते. प्राध्यापक विद्यार्थ्याला, तज्ज्ञ सामान्य वैद्याला आणि वैद्यकीय अधिकारी परिचारिकेला शिकवतो. परस्परशिक्षणात शिकविणारा व शिकणारा यांच्या भूमिका आलटून पालटून बदलतात. आज ज्या सेविकेने आपल्या गावातील अडचण मांडली, तीच पुढच्या बैठकीत दुसरीला मार्ग सुचविते. तज्ज्ञ व्यक्ती उपस्थित असल्यास तिचे काम चर्चेला दिशा देणे, चूक दुरुस्त करणे आणि गंभीर लक्षणांकडे लक्ष वेधणे एवढेच असते.

या विचाराची एक आधुनिक परंपरा मायकेल बॅलिंट यांच्यापासून सांगितली जाते. लंडनमध्ये १९५०च्या दशकात त्यांनी सामान्य वैद्यांचे लहान गट जमवून प्रत्यक्ष रुग्णांविषयी चर्चा घडवून आणल्या. त्यावर आधारित ‘द डॉक्टर, हिज पेशंट अँड दि इलनेस’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. अशा गटांना पुढे ‘बॅलिंट गट’ असे नाव मिळाले. अलीकडच्या काळात भारतीय वंशाचे डॉक्टर संजीव अरोरा यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात २००३ साली ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. यकृतदाहाच्या ‘क’ प्रकाराचे रुग्ण दूरच्या गावांतून विद्यापीठात बोलावण्याऐवजी त्या गावांतील डॉक्टरांना दूरचित्रसंवादाने नियमित एकत्र आणून रुग्णचर्चा करण्याची ही पद्धत होती. गावातील डॉक्टरांनी केलेल्या उपचारांचे परिणाम विद्यापीठातील उपचारांच्या तोडीचे असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

दीर्घकालीन आजारांतील गरज

तीव्र स्वरूपाच्या आजारात योग्य निदान व योग्य औषध वेळेवर मिळणे निर्णायक ठरते. याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यांचे लेखन ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगभर पोहोचले. त्यांना २०२२ साली पद्मश्री किताब मिळाला. विंचूदंशावरील हे ज्ञान एकदा हाती आल्यावर डॉक्टरला ते प्रत्येक नव्या रुग्णासाठी काही तासांत वापरता येते.

दीर्घकालीन आजाराचे स्वरूप निराळे असते. निदान व औषध माहीत असूनही रुग्ण मध्येच उपचार सोडतो, तपासणीला येत नाही किंवा बरे वाटू लागल्यावर गोळ्या बंद करतो. तो असे का करतो, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच लिहिलेले असते. ते कारण गावात राहणाऱ्या, घरी जाणाऱ्या आणि रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणाऱ्या व्यक्तीला कळते. ही माहिती एका सेविकेकडून दुसरीकडे गेली नाही, तर प्रत्येकीला तीच चूक स्वतः करून शिकावे लागते. त्याची किंमत मात्र रुग्ण मोजतो. क्षयरोगात उपचार खंडित झाल्यास जंतू औषधांना दाद न देणारे बनू शकतात. कुष्ठरोगात विलंब झाल्यास हातापायांत कायमचे व्यंग येते. मधुमेह व उच्च रक्तदाब यांत मूत्रपिंड, डोळे, हृदय व मेंदू यांची हानी मुकाट्याने होत राहते.

रायगड किनाऱ्याची पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याचे पूर्वीचे नाव कुलाबा. ते १९८१ साली बदलण्यात आले. मांडवा हे अलिबाग तालुक्यातील बंदर मुंबई बंदराच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. समुद्रमार्गे मुंबई जवळ असली तरी रस्त्याने पेण-वडखळमार्गे सुमारे शंभर किलोमीटरचा वळसा पडतो आणि पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडिया येथून सुटणाऱ्या प्रवासी लाँच बंद ठेवल्या जातात. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी अनेक पिढ्यांना महानगरातील मोठी रुग्णालये समोर असूनही पावसाळ्याचे काही महिने दूरच होती.

किनारपट्टीवर प्रामुख्याने आगरी व कोळी समाजाची वस्ती आहे. डोंगराच्या बाजूला कातकरी व ठाकर वाड्या आहेत. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे ही येथील पारंपरिक उपजीविकेची साधने होत. या जीवनपद्धतीचा दीर्घकालीन उपचारांशी थेट संबंध येतो. मासेमारीसाठी बाहेर पडलेला खलाशी अनेक दिवस समुद्रावर असतो. कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर वा कोळसा पाडण्याच्या कामासाठी स्थलांतर करतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दरमहा ठरलेल्या तारखेला दवाखान्यात येण्याची अपेक्षा अशा रुग्णांबाबत फोल ठरते. सुकी मासळी हा आहाराचा भाग असलेल्या घरात रक्तदाबासाठी ‘मीठ कमी खा’ एवढाच सल्ला अपुरा पडतो. सुके बोंबील वा जवळा किती आणि कसा खावा, हे सांगावे लागते.

मांडवा प्रकल्प

मांडवा प्रकल्पाचे प्रणेते डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) हे प्लास्टिक शल्यचिकित्सक होते. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. भारतात परतल्यावर त्यांनी कुष्ठरुग्णांच्या विद्रूप झालेल्या हात, पाय व चेहऱ्यावरील शस्त्रक्रियांना वाहून घेतले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभागाची उभारणी केली. कुष्ठरोगातील व्यंग वेळीच निदान व उपचार झाल्यास टाळता येते. ज्या व्यंगावर शल्यचिकित्सक तासन्‌तास शस्त्रक्रिया करतो, ते मुळात गावपातळीवरच रोखता आले असते, ही जाणीव सामाजिक आरोग्याच्या कामाला पायाभूत ठरणारी होती. १९७५ साली ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ (एफआरसीएच) ही संस्था स्थापन झाली. अंतिया यांना १९९० साली पद्मश्री किताब मिळाला.

प्रकल्पाचे क्षेत्र मांडवा परिसरातील सुमारे तीस गावे व सुमारे तीस हजार लोकसंख्या एवढे होते. त्याच गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना साधे प्रशिक्षण व पाठबळ देऊन त्यांच्याकडे प्राथमिक आरोग्यसेवेचे काम सोपविणे हा त्याचा गाभा होता. अशा स्त्रिया प्राथमिक आरोग्यसेवेचा बहुतांश भाग अत्यल्प खर्चात उत्तम रीतीने पार पाडू शकतात, असा निष्कर्ष अंतिया यांनी काढला. या यशाचे श्रेय त्यांनी सेविकांना आपल्या माणसांविषयी असलेली आस्था आणि त्यांच्याशी असलेली सांस्कृतिक जवळीक यांना दिले.

त्या काळातील उपचारांचे स्वरूप पाहिल्यास सेविकांच्या कामाचे मोल अधिक स्पष्ट होते. क्षयरोगाचे तेव्हाचे प्रचलित उपचार एक ते दीड वर्ष चालत. कुष्ठरोगासाठी डॅप्सोन हे एकच प्रमुख औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली केली. आज कुष्ठरोगाचे उपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतात. मांडवा प्रकल्पाच्या बहुतेक काळात मात्र रुग्णाला उपचारांवर टिकवून धरणे हेच मुख्य काम होते. कुष्ठरोगाबाबत आणखी एक अडचण होती. अंगावरील बधिर चट्टा रुग्ण लपवीत असे, आणि स्त्री रुग्ण तो परक्या पुरुष कर्मचाऱ्याला दाखविण्याची शक्यता कमीच होती. गावातील ओळखीच्या स्त्रीला तो दिसू शकत होता.

विरोध व समाप्ती

अंतिया यांनी मांडवा प्रकल्पाचा उदय व अस्त ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ हेल्थ सर्व्हिसेस’ या नियतकालिकात १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात नोंदविला आहे. त्यांच्या प्रतिपादनानुसार गावातील सामान्य स्त्रियांची क्षमता सिद्ध होऊ लागताच स्थानिक राजकीय नेतृत्व व प्रस्थापित आरोग्ययंत्रणा यांना त्यात आपल्या स्थानाला धोका दिसू लागला आणि त्यातून संघर्ष निर्माण झाला. सुमारे दशकभराच्या वाटचालीनंतर प्रकल्प थांबला.

अभ्यासकांच्या दृष्टीने या अपयशाचे महत्त्व यशाइतकेच आहे. सेविकांचे ज्ञान कमी पडल्यामुळे काम थांबले, असे प्रवर्तकांचे म्हणणे नाही. त्या ज्ञानाला वरच्या यंत्रणेत स्थान न मिळाल्यामुळे ते थांबले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अंतिया पुढे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटात सहभागी झाले. या गटाचा ‘सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी धोरण’ या आशयाचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. एफआरसीएचने नंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे परिसरात स्थानिक स्त्रियांना आरोग्यकार्याचे प्रशिक्षण देण्याचे काम केले.

जामखेड : परस्परशिक्षणाची घडी

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. येथेही गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर वा अल्पशिक्षित स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. या सेविका दर आठवड्याला जामखेडच्या केंद्रात जमत, गावातील घटना एकमेकींना सांगत आणि त्यांवर चर्चा करीत. जुन्या सेविका नव्यांना शिकवीत. औपचारिक वर्ग संपला तरी शिक्षण संपत नाही, हा या रचनेचा मुख्य विशेष होता. कुष्ठरोग व क्षय यांपासून सुरुवात करून पुढे रक्तदाब व मधुमेह यांवरही या सेविकांनी काम केले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडच्या कामाचा समावेश होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या सेविकांमागे प्रकल्पाचे स्वतःचे रुग्णालय उभे होते. सेविकेने पाठविलेल्या रुग्णाची तेथे दखल घेतली जाई. परस्परशिक्षण टिकण्यासाठी वरच्या पातळीवरून मिळणारा हा प्रतिसाद आवश्यक मानला जातो.

डॉक्टरांमधील परस्परशिक्षण

परस्परशिक्षणाची गरज केवळ अल्पशिक्षित कर्मचाऱ्यांनाच असते, हा समज एफआरसीएचशी संबंधित एका अभ्यासाने खोटा ठरविला. मुकुंद उपळेकर व डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतील झोपडपट्ट्यांत व्यवसाय करणाऱ्या १०० खाजगी डॉक्टरांना क्षयरोगासाठी ते कोणती औषधयोजना लिहून देतात, असे विचारले. उत्तरादाखल ८० वेगवेगळ्या औषधयोजना मिळाल्या. हा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या तशाच पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या योजना लिहिल्या आणि त्यांपैकी केवळ ६ जणांची औषधचिठ्ठी बरोबर होती. आपापल्या दवाखान्यात एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरला आपली औषधचिठ्ठी शेजारच्याहून किती वेगळी आहे, हे कळण्याचा मार्गच बहुधा नसतो.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण आवश्यक केले आहेत. मात्र अशा कार्यक्रमांचा भर व्याख्यानांवर असतो. स्वतःच्या बिघडलेल्या रुग्णाविषयी सहकाऱ्यांसमोर बोलणे हा वेगळा अनुभव असून त्यासाठी लहान गट व परस्परविश्वास लागतो. अलिबाग येथे २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे किनारपट्टीवरील डॉक्टर व परिचारिकांना जिल्ह्यातच अशा चर्चांचे केंद्र मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

एका आजाराकडून दुसऱ्याकडे

परस्परशिक्षणामुळे ज्ञान एका रोगाच्या क्षेत्रातून दुसऱ्यात जाते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे बधिर पायाची निगा. कुष्ठरोगात मज्जातंतूंची हानी झाल्याने पायाची संवेदना जाते. काटा, खडा वा चपलेचा अंगठा रुतला तरी रुग्णाला कळत नाही आणि जखम चिघळत जाते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करताना हा कार्यकारणभाव उलगडला. १९६०च्या दशकात अमेरिकेतील कार्व्हिल येथे गेल्यावर त्यांचे हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडले. रोज पाय पाहणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ तळव्याचे पादत्राण वापरणे व जखम झाल्यास पायावर भार न देणे हे कुष्ठरोगातील धडे आहेत. मधुमेहात पायाची रोजची तपासणी व योग्य पादत्राण हे जसेच्या तसे लागू होतात. पाय भिजविण्याबाबत मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. अनवाणी चिखलणी करणाऱ्या वा मिठागरात उतरणाऱ्या मधुमेहीला हे सांगण्यासाठी कुष्ठरोगाच्या कामात मुरलेली जुनी आरोग्यसेविका ही नव्या सेविकेची सर्वांत योग्य शिक्षिका ठरू शकते.

सद्यःस्थिती

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले व त्यातून आशा स्वयंसेविकांची नेमणूक झाली. मांडवा, जामखेड आदी प्रयोगांतील ‘गावातीलच स्त्री’ ही कल्पना येथे देशव्यापी झाली. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह, रक्तदाब व काही कर्करोगांसाठी तपासणी करण्याच्या मोहिमेत घरोघर जाऊन माहितीपत्रक भरण्याचे काम आशांकडे आले. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. महाराष्ट्रात आशांच्या कामाला गटप्रवर्तक साहाय्य करतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्या मासिक बैठका होतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आरंभ झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा व वर्धा हे जिल्हे प्रारंभीच समाविष्ट झाले. सर्वांसाठी एकच सोपी औषधयोजना, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि कामाची विभागणी ही त्याची सूत्रे आहेत. सर्वांची औषधयोजना एक असल्यास दोन केंद्रांतील परिचारिकांना आपापल्या निष्पत्तीची तुलना करता येते. परस्परशिक्षणाला हा भक्कम आधार ठरतो.

मर्यादा व आक्षेप

परस्परशिक्षणातून चुकीच्या समजुतीही पसरू शकतात. अनावश्यक इंजेक्शन किंवा सलाईन देण्याची प्रथा सहकाऱ्यांचे पाहूनच रूढ होते. त्यामुळे चर्चेला प्रमाणित मार्गदर्शक तत्त्वांची जोड आवश्यक असते.

दुसरी मर्यादा अधिकारांच्या उतरंडीची आहे. मासिक बैठक जर केवळ आकडे घेण्यासाठी व कमी काम झाल्याबद्दल जाब विचारण्यासाठी असेल, तर उपचार सोडून गेलेल्या रुग्णाची हकिगत तेथे कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात तीच हकिगत सर्वाधिक शिकविणारी असते.

तिसरा प्रश्न गोपनीयतेचा आहे. लहान गावात रुग्णाचे नाव न घेताही तो ओळखला जातो. कुष्ठरोगाबाबत हे विशेष गंभीर आहे. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी व्यक्तिगत कायद्यांतील तरतूद भारतात २०१९ साली रद्द झाली, यावरून या आजाराच्या कलंकाची खोली लक्षात येते. शेवटचा आक्षेप मोबदल्याविषयी आहे. शिकण्या-शिकविण्यासाठी दिलेला वेळ कामाचे तास म्हणून मोजला जात नसेल, तर त्याचा भार सर्वांत कमी मोबदला मिळणाऱ्या स्त्रियांवर पडतो.

हेही पाहा

नोशीर अंतिया
सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प, जामखेड
हिंमतराव बावस्कर
आशा स्वयंसेविका
कुष्ठरोग
मांडवा